भावाचा बाण
विस्तवात ओला बांबू तडतडून वास सुटला, की त्यासरशी मी किनवटच्या रानातल्या आमच्या अंगणात जाते. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. सरकारी बेगारीवरून भाऊ ताप घेऊन आला आणि सकाळी गेला. आमच्यात मेलेल्या माणसाबरोबर त्याचं धनुष्यबाण पुरतात; पण भावाचा नवा बाण अजून धनुष्याच्या ताणाला जुळवायचा राहिला होता. बा विस्तवावर बांबूची काडी शेकून सरळ करत बसला. धनुष्य ओढायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. बाईमाणसानं धनुष्याला शिवायचं नसतं, तरी तो मला म्हणाला, "तू वढ. तुझा हात त्याच्यावानी हाय." मी ओढलं. बाण डावीकडं गेला. "लई ताठ हाय," म्हणत त्यानं काडी तासली. मी पुन्हा सोडला, त्यानं पुन्हा तासली. माणसं तिरडीजवळ खोळंबली होती. आई म्हणाली, "आता कशापायी?" बा म्हणाला, "तिथं वाकडा गेला तर उपाशी राहील त्यो." अखेर बाण समोरच्या मोहाच्या खोडात सरळ रुतला. बानं तो उपटला आणि भावाच्या उशाला ठेवला. मी रडले नाही. आजही त्या वासानं डोळे कोरडेच राहतात. खांदा तेवढा दुखतो.