महामायाचा रिमोट

आम्ही पायलट आहोत असं सांगितलं की लोक आधी आमच्या तोंडाकडे बघतात, मग वर आभाळाकडे. एका शाळेत पाहुण्या म्हणून गेलो, तर सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी 'आपल्या मातीतल्या वैमानिक भगिनी' अशी ओळख करून दिली आणि पुढच्या रांगेतल्या एका पोरीने विचारलं, विमानात जेवायला काय देतात. मी म्हटलं, बाई गं, आम्ही विमान चालवत नाही, ड्रोनने तुरीवर औषध मारतो. गुरुजींचा चेहरा पडला. त्या शाळेने आम्हाला पुन्हा बोलावलेलं नाही.

तरी आमचं मंडळ आहे. 'गोदा-मांजरा महिला ड्रोन पायलट मंडळ.' या एका नावापायी माझ्या नाकी नऊ आले होते. नांदेडवाल्या म्हणाल्या गोदा आधी, लातूरवाल्या म्हणाल्या मांजरा आधी, आणि दोन बैठका त्यातच गेल्या. मी मुरुडची, म्हणजे लातूरकडची, आणि वर मंडळाची सचिव. त्यामुळे बोलणी खायची ती मीच. बैठक नांदेडला ठेवली की लातूरच्या बायकांची कंबर धरते, लातूरला ठेवली की नांदेडवाल्यांच्या घरी नेमके पाहुणे येतात. शेवटी अहमदपूरला बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. अर्ध्या तिकिटात सगळ्या येतात, आणि पहिला अर्धा तास कुणाची बस किती उशिरा आली यावर जातो.

मंडळाचा निम्मा वेळ 'नाही' म्हणण्यात खर्च होतो. कारण ज्याला त्याला पुष्पवृष्टी हवी. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या पोराचं लग्न, कुठल्या पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन. अहो, तिकडे शेंगअळी तुरी फस्त करते आहे आणि यांना डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या पाहिजेत! वर म्हणतात, 'ताई, दोनच मिनिटांचं तर काम.' दोन मिनिटांसाठी बॅटरी, टेम्पो, परवानगी आणि माझं डोकं, सगळं लागतं हे कुणी धरत नाही.

पण आमच्यात एक चांगली रीत आहे. ड्रोन उडवताना समोरच्या बांधावर कुणीतरी उभं लागतं. विजेच्या तारा, बाभळीच्या फांद्या, मधेच घुसलेली गुरं बघून हात करायला. घरची माणसं ऊन लागलं की सावलीला जाऊन बसतात. म्हणून आम्ही बायकाच एकमेकींच्या बांधावर उभ्या राहायला जातो, एसटीने. लोह्याची सरजाबाई माझ्यासाठी मुरुडपर्यंत आली आहे, दोन गाड्या बदलून, आणि येताना भाकरीही स्वतःची घेऊन आली.

आणि एक नियम आहे, तो मीच भांडून करून घेतला. परवाना जिच्या नावावर, रिमोट तिच्याच हातात. गावोगाव काय चालतं ते आम्हाला माहीत आहे. बचत गटाच्या बाईला ड्रोन मिळतो, प्रशिक्षण ती घेते, परीक्षा ती देते, फोटो तिचा छापून येतो. मग घरातला कुणीतरी बाप्या 'जरा बघू दे' म्हणून रिमोट घेतो आणि तो परत येत नाही. असं आढळलं तर त्या बाईचं नाव मंडळातून कमी करायचं. सगळ्यांनी हात वर केले होते. महामायानेही केला होता.

महामाया सोनकांबळे मुखेडजवळच्या गावची. नवरा प्रीतम एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. आमच्याकडे फवारणीच्या दिवशी पंप असतो पुरुषाच्या पाठीवर आणि त्या पंपासाठी पाणी वाहते बाई. विहिरीपासून शेतापर्यंत, दिवसभर. महामायाने लग्नाआधी आईबरोबर ते पाणी वाहिलं आणि लग्नानंतर सासूबरोबर. दहावी झालेली होती म्हणून गटाने तिचं नाव ड्रोनसाठी दिलं. पहिल्यांदा रिमोट हातात घेतला तेव्हा तिने पदराने हात पुसून घेतले, दोनदा. एवढी देखणी मी तिला पुन्हा पाहिली नाही.

पण बाईचा एक दोष आहे, आणि त्याने मी जिकिरीला आलेय. तिला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. प्रशिक्षणात स्वतःची पाळी दुसरीला दिली. बैठकीला येते ती बसमध्ये उभी राहून, कारण जागा कुणाला तरी देऊन टाकलेली असते. तिची छत्री सध्या कुणाकडे आहे हे तिलाही सांगता येणार नाही. मी ओरडले की म्हणते, 'हाव ताई, चुकलंच.' आणि पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

तर या महामायाचा एक फोटो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. ती तुरीच्या कडेला हसत उभी, हातात औषधाची बादली. सगळ्यांनी अंगठे पाठवले. तेवढ्यात सरजाबाईने लिहिलं, 'खाली जमिनीवर बघा.' मी फोटो मोठा करून पाहिला. जमिनीवर एका माणसाची सावली होती, टोपी घातलेली, आणि दोन्ही हात छातीशी. रिमोट धरल्यावर माणूस जसा उभा राहतो, तशी.

मी लगेच फोन लावला. "महामाया, रिमोट कोण धरतंय?"

"भाऊजी धरतात कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

मग म्हणाली, "धरतातच, ताई."

"पुढच्या बैठकीत तुझं नाव जाईल. कळतंय का तुला?"

"हाव ताई."

हाव ताई! मी फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी मुखेडची गाडी धरली.

गावाबाहेर रामकिशन नावाच्या शेतकऱ्याच्या तुरीत पहिल्या उड्डाणाची तयारी चालली होती. तूर फुलोऱ्यात आलेली, कमरेच्या वर. बांधावर आनंदराज, म्हणजे महामायाचा धाकटा दीर, टोपी आणि काळा चष्मा घालून रिमोट धरून उभा. लोक त्याला 'पायलटसाहेब' म्हणत होते. रामकिशनची म्हातारी आई केवळाबाई त्याला चहा आणून देत होती. आणि परवाना जिच्या नावावर, ती माझी पायलट विहिरीकडून दोन हातात दोन बादल्या घेऊन येत होती. मला बघून हसली. मला तिला धरून हलवावंसं वाटलं.

मी तिला टेम्पोच्या मागे नेलं. "अगं, पुन्हा बादल्याच? यासाठी शिकलीस?"

तिने बादल्या खाली ठेवल्या. "ताई, भाऊजी आखाडात नांदेडहून परत आले. पाच वर्सं खोली घेऊन सरकारी भरतीचा अभ्यास केला. शेवटची परीक्षा थोडक्यात गेली. आले ते भिंतीकडं तोंड करून झोपले. आंघोळ न्हाई, बोलणं न्हाई. सासूबाई ताट न्यायच्या, तसंच परत आणायच्या. रात्री आम्ही आळीपाळीनं उठून बघून यायचो, श्वास चालू हाय का. एक दिवस मी अंगणात मशीन पुसून राहिले होते. आतून म्हणले, वैनी, जरा बघू का? लई दिवसांनी बोलले, ताई. मी कसं न्हाई म्हणू? दुसऱ्या दिशी आंघोळ करून तयार."

माझा राग इथे बसायला हवा होता. तो उलट जास्त चढला, कारण आता कुणावर काढावा तेच कळेना. "अगं पण कुणी तक्रार केली आणि परवाना गेला, तर मशीन गट काढून घेईल. मग तू पण घरी आणि तोही घरी. मग?"

"तेच रोज मनात येतं," ती म्हणाली. "पण सकाळी ते टोपी घालून उभे ऱ्हातात अन् मला तोंड उघडवत न्हाई."

तेवढ्यात ड्रोन उठला. तो पिकावर माणसाएवढी उंची धरून चालतो. हा मात्र चढायला लागला. तुरीवरून वर, बाभळीवरून वर. औषधाचे तुषार वाऱ्याने थेट शेजारच्या ज्ञानोबाच्या मेथीवर. ज्ञानोबा तिकडून शिव्या देत पळत आला. आनंदराज सगळी बटणं दाबत होता. पुढे विजेची तार होती. "वैनी!" तो ओरडला. "ह्ये ऐकंना! वैनी!"

महामाया धावली. रिमोट त्याच्या हातून घेतला. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलेलं आहे, यंत्र स्वतःच्या अकलेने चालायला लागलं की त्याची अक्कल बंद करायची आणि हाताने उतरवायचं. तिने तेच केलं. तारेच्या अलीकडे तो थांबला, डुलला, आणि धप्पकन तुरीत बसला. फवाऱ्याची एक नळी मोडली.

जाऊन पाहतो तर ड्रोनच्या पोटाखाली लिंबू-मिरची! पक्क्या दोऱ्याने बांधलेली. तिथेच खाली बघणारा त्याचा डोळा असतो, जमीन किती लांब आहे ते मोजणारा. त्या डोळ्यापुढे लिंबू लोंबतंय. यंत्राला वाटलं जमीन नाकाला लागली, म्हणून ते वर गेलं. वर गेलं तर लिंबूही बरोबर आलं. उड्डाणाआधी पोटाखाली वाकून बघायचं हा आमचा पहिला धडा. आनंदराजने बघितलं नव्हतं, आणि जिने बघितलं असतं ती पाणी आणायला गेली होती.

"मीच बांधलं की सकाळी," केवळाबाई म्हणाली. "एवढं लाखाचं मशीन, गावाची नजर काय चांगली हाय का? आन बांधलं म्हणून तर सुखरूप उतरलं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. या माउलीला काय सांगणार? रामकिशनने मान डोलावली, त्यालाही ते पटलेलं दिसलं. ज्ञानोबा तेवढा अजून मेथीबद्दल ओरडत होता. त्याला समजावण्यात माझा घसा बसला.

महामायाने नवी नळी बसवली, बॅटरी बदलली, टाकी भरली. वाकून पोटाखाली पाहिलं. रिमोट तिच्या गळ्यात तसाच होता. आनंदराजने हात पुढे केला. "द्या वैनी. लिंबाचं व्हतं ते. आता जमतंय."

"द्या की साहेबाला," रामकिशन म्हणाला. "बाईमाणसानं कामून उन्हात उभं ऱ्हायाचं?"

महामायाने रिमोट छातीशी धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, देते आता. मी डोळेच मिटून घेतले.

"न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "तुमी उठत नव्हते म्हणून दिलं मी. आता तुमी उठले. ह्ये माझं काम हाय, मला करू द्या. तुमच्या नावचा परवाना तुमी काढा."

सगळ्यांसमोर बोलली. 'उठत नव्हते' हेसुद्धा. तिला ते झाकता आलं असतं, पण खोटं बोलायची सवय नाही बिचारीला. आनंदराजने चष्मा काढला. चष्म्याखालचा चेहरा अगदीच पोरसवदा होता. तो बांध उतरून रस्त्याकडे चालायला लागला, आणि चालतच राहिला.

मी समोरच्या बांधावर जाऊन उभी राहिले. ड्रोन सरळ गेला, सरळ आला, एक ओळ सुटली नाही. पण प्रत्येक फेरीच्या शेवटी महामायाची मान रस्त्याकडे वळत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं.

काम संपल्यावर ती टेम्पोच्या फाळक्यावर बसली. "ताई, ते पुन्हा झोपले तर?"

मी चिडले. "झोपले तर झोपले! सगळ्या घराचा भार काय तुझ्या एकटीच्या रिमोटवर आहे का?" ती रडायला लागली. मग मी तिच्या शेजारी बसले, आणि आम्ही दोघी परवानावाल्या पायलट, एकमेकींना धरून मुखेडच्या रस्त्यावर बसून राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. बघोत बापडे.

परत येताना बसमध्ये मला तिचा राग येत होता, आनंदराजचा येत होता आणि त्या टोपीचा येत होता. नियम करणं सोपं असतं. नियम जिला लावायचा तिच्या घरात एक भिंतीकडे तोंड केलेला माणूस असतो, हे बैठकीत कुणी मांडत नाही. आनंदराज घरी पोचला की नाही हेही मला कळलेलं नव्हतं, आणि महामाया फोन उचलत नव्हती.

सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा तिचा फोन आला.

"ताई," ती म्हणाली.

"बोल की गं! काय झालं?"

"रात्री जेवले न्हाईत. माझ्याशी बोलंनात. माझ्याकडं बघंनात सुद्धा." ती म्हणाली. "पण उठले, ताई. आत्ताच सासूबाईला म्हणले, आंघोळीला पाणी काढ."

"बोलतील गं," मी म्हटलं. "आज ना उद्या बोलतील." तेवढ्यात चहा उतू गेला, आणि मी फोन ओट्यावर ठेवून भांडं उतरवायला धावले. तिकडून ती 'ताई, ताई' करत राहिली.