मागची तारीख

माहेरी दुपारी वीज गेली की आईचा जुना कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडतो. त्याच्या आतला सेल संपलाय, त्यामुळे वीज आल्यावर चालू केला की तो कुठल्यातरी जुन्याच वर्षाची तारीख दाखवतो. मधली सगळी वर्षं त्याच्या लेखी घडलेलीच नसतात. आई न कंटाळता तारीख नीट करते आणि मग बाबांसाठी गाणी लावते.

"नवा सेल टाकू या की," मी म्हणते.

"टाकू गं," ती म्हणते आणि ते राहून जातं.

आज वीज आली, पंखा फिरू लागला आणि बाबा झोपेतून उठले. हल्ली तेही असेच उठतात, भलत्याच वर्षात. माझ्याकडे बघतच त्यांनी आईला विचारलं, "सुमा कॉलेजातून आली नाही अजून?"

मीच सुमा, असं मी सांगणार होते. आईनं माझा हात दाबला. त्यांची तारीख ती नीट करत नाही.

"येईलच इतक्यात," ती त्यांना म्हणाली, आणि मला हळूच, "जा, बाहेर जाऊन परत आत ये."

मी बाहेर गेले. दारात चपला जरा जोरातच काढल्या.

"आले, बाबा!"

त्यांचा चेहरा उजळला. "किती उशीर केलास गं!"