व्हय, आणि फुली

माझे वडील दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. गगनबावड्याकडच्या वाड्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि दूध नासायच्या आत कोल्हापुरात आणून पोचवायचं, हे काम त्यांनी वीस वर्षांच्या वर केलं. ते फार बोलायचे. गाडी वाडीच्या वळणावर आली की हॉर्नच्या आधी त्यांचा आवाज ऐकू यायचा, असं तिकडची माणसं सांगत. घरी आले की आज कुठल्या गावात कोण भेटलं, कुणाची म्हैस व्याली, कुठला ओढा रस्त्यावर आला, हे जेवण होईपर्यंत चालायचं. आई नुसतं हुं म्हणायची. मी बहुतेक वेळा ऐकायचीही नाही.

एका दुपारी ते असेच जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातून ताटात पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा पडला. ते त्या हाताकडे रागानं बघत राहिले. आईला वाटलं, कालवण तिखट झालं म्हणून चिडलेत. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं मला दिसलं.

मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. महिनाभर दवाखान्यात काढून आम्ही त्यांना कोल्हापुरातच कसबा बावड्याच्या घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा पुढे धरला आणि ते म्हणाले, "व्हय."

आई चहा तसाच ठेवून शेजारी सांगायला धावली. दुपारपर्यंत आळीतली निम्मी माणसं येऊन गेली. बोलणं सुरू झालं, आता हळूहळू सगळं येईल, असं प्रत्येक जण म्हणाला. पण दुसरा शब्द आला नाही. आठवडा गेला, महिना गेला. काहीही विचारलं तरी व्हय. डॉक्टरांना आम्ही विचारलं की त्यांना आमचं बोलणं कळतं का. ते म्हणाले, किती कळतं ते आत्ता सांगता येणार नाही.

मग आम्ही त्या एका शब्दावर घर चालवू लागलो. आई विचारायची, भात वाढू? व्हय. खिडकी लावू? व्हय. अंगावर घालू काही? व्हय. ते आधी कशालाच एवढ्या पटकन हो म्हणणारे नव्हते, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, पण होकार ऐकायला बरा वाटत होता.

वडिलांचे थोरले भाऊ शिरोळकडे असायचे. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. दवाखान्यात महिनाभर ते फरशीवर चादर टाकून झोपले होते. वडिलांचं हे असं झालेलं, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटं कुणी नाही; मुलीचं एकदा मार्गी लागलं की घराचा भार हलका होईल, असं त्यांनी मनात धरलं आणि आपल्या गावाजवळचं एक स्थळ आणलं. माणसं चांगली होती. बागायती शेती, मुलगा शिकलेला, आमच्याच समाजातली, विहारात ऊठबस असलेली. तात्यांनी वडिलांच्या कॉटजवळ बसून, त्यांचा चांगला हात हातात घेऊन विचारलं, "पोरगी देऊया का रं तिथं?"

"व्हय," वडील म्हणाले.

तात्यांनी डोळे पुसले. आईनंही पुसले. मी दारात उभी होते. मला ते लग्न नको होतं. पण आजारी बापानं सगळ्या शब्दांतून उरलेला एकच शब्द वापरून काही मागावं आणि आपण नाही म्हणावं, हे मला जमलं नाही. दोन महिन्यांनी साखरपुडा करायचं ठरलं.

माझा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता, आणि वडिलांची कॉटही तिथंच, कारण दुसरी जागा नव्हती. कॉम्प्युटर अभ्यासासाठी घेतलेला होता. ज्यानं तो जोडून दिला त्यानं त्यात दोन-चार खेळही टाकून दिले होते. त्यातला एक मला आवडायचा. त्यात एक नकाशा असायचा, सगळा काळोखात, आणि आपला घोड्यावरचा सरदार जिथं जाईल तेवढाच उजळायचा. किल्ले, खाणी, जंगलं, पंख असलेले राक्षस, हाडांचे सैनिक, मंत्र. लढाया जिंकल्या की सरदार जास्त शहाणा व्हायचा आणि त्याला नवीन विद्या कोणती द्यायची ते आपण निवडायचं. एका दिवसात घोडा ठराविक अंतरच जाणार. मग आपण 'दिवस संपला' म्हणायचं आणि समोरच्याची पाळी. आपण बटण दाबेपर्यंत तिथं पानही हलत नाही. तासभर विचार केला तरी कुणी घाई करत नाही.

साखरपुडा ठरल्यापासून मी अभ्यास सोडून तोच खेळत बसायची. वडील कॉटवरून पडद्याकडे बघत असायचे. टीव्ही बघतात तसंच, असं मला वाटायचं.

एकदा मी सरदाराला दलदलीतून सरळ समोरच्या खाणीकडे नेत होते. मागून वडिलांनी कॉटची लोखंडी दांडी हातानं वाजवली. मी वळून बघितलं. ते डाव्या हाताचं बोट गोल फिरवून दाखवत होते. तिकडून, वळसा घालून. नकाशावर तिथं मातीचा रस्ता होता. मी त्या रस्त्यानं गेले. अंतर जास्त होतं, पण रस्त्यावर घोडा जास्त लांब जातो, आणि मी त्याच दिवशी पोचले. दलदलीतून दोन दिवस लागले असते. मला हे सहा महिने खेळून माहीत नव्हतं.

मी आमच्याकडच्या मुलींसारखीच बोलायची, मुलग्यासारखं. म्हटलं, "आप्पा, मी बसतो बाजूला. तुम्हीच न्या की."

टेबल कॉटजवळ ओढलं, माऊस डाव्या बाजूला ठेवला. पहिले काही दिवस बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा. मग जमलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून जे येईल ते मी वाचून मराठीत सांगायची, आणि ते ठरवायचे.

त्या खेळात वाटेत दुबळे शत्रू भेटले तर कधी कधी ते लढत नाहीत, पळू लागतात. मग पडद्यावर विचारतात, पाठलाग करायचा का? खाली दोन चित्रं. एक बरोबरची खूण, एक फुली. मी वाचून सांगितलं, "पळाल्यात आप्पा. मागं लागायचं का?"

"व्हय," ते म्हणाले, आणि फुली दाबली.

चुकून दाबलं असेल म्हणून मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं दुसरी टोळी पळाली. मी तेच विचारलं. ते व्हय म्हणाले, बाण सावकाश फुलीवर नेला, माझ्याकडे बघितलं आणि दाबली. तिसऱ्यांदाही तेच झालं. मग एक टोळी आम्हाला सामील व्हायला आली. घ्यायची का म्हणून विचारल्यावर ते पुन्हा व्हय म्हणाले, पण या वेळी बरोबरची खूण दाबली.

मी वहीचं पान फाडलं, त्यावर बरोबरची खूण आणि फुली मोठी काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. विचारलं, तुमची गाडी लाल होती? ते व्हय म्हणाले आणि बोट फुलीवर ठेवलं. निळी होती? व्हय, आणि बोट बरोबरवर. आपण कसबा बावड्यात राहतो? बरोबर. मी तुमचा मुलगा हाय? त्यांनी फुलीवर बोट आपटलं आणि त्यांना हसू आलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

त्यांना सगळं कळत होतं. तोंडातून निघणारा शब्द तेवढा त्यांच्या हातात नव्हता.

मी आईला हाक मारली. तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती कॉटच्या कडेवर बसली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला तो भाताचा. रोज दोन वेळा भात वाढत होते, तो पाहिजे होता का? बोट फुलीवर गेलं. भाकरी पाहिजे होती? बरोबर. डॉक्टरांनी मऊ द्या म्हटलं होतं म्हणून आई भात देत होती, आणि त्यांना भात कधीच आवडला नव्हता. आई तोंडाला पदर लावून रडली. "चार म्हैनं," ती म्हणत राहिली, "चार म्हैनं मी ह्यास्नी भात घातला."

माझा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. पुढचे तीन दिवसही नाही. त्यांनी बरोबरवर बोट ठेवलं असतं तर मला कुठं जायला जागाच उरली नसती. चौथ्या दिवशी आई दळण आणायला गेली तेव्हा मी तो कागद घेऊन बसले. विचारलं, तात्यांनी आणलेलं स्थळ तुम्हाला पसंत हाय? ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग बोट फुलीवर गेलं. मला माझ्यावरच विश्वास नव्हता, म्हणून मी उलटा प्रश्न केला. हे मोडायचं? बरोबर.

तात्यांना निरोप गेला. ते दुसऱ्याच दिवशी आले, चपला न काढता उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांना वाटलं मीच काहीतरी पढवलंय. खेळता खेळता कुठं तरी बोट पडलं असेल, त्याचा काय अर्थ काढता, असं ते म्हणाले. आई सहसा त्यांच्यासमोर बोलत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हीच इचारा की. आमी भाईर बसतो."

आम्ही बाहेर बसलो, पण खिडकी उघडी होती. तात्यांनी आधी लग्नाचं विचारलंच नाही. लहानपणी शाळेमागच्या विहिरीत कुणीतरी त्यांना मागून ढकललं होतं आणि ते कोण हे कधी कळलं नव्हतं. तात्यांनी विचारलं, "त्यो तूच काय रं?" नेहमीचं व्हय ऐकू आलं, बोट कुठं गेलं ते दिसलं नाही. मग तात्या हसू लागले आणि हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. त्यानंतर त्यांनी लग्नाचं विचारलं. एकदा, मग दुसऱ्यांदा.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्यावर ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी ह्येला काय काय इचारलं गं इतक्या दिसांत. आन ह्यो समद्याला व्हय म्हणत गेला." त्या लोकांना नकार सांगायला ते स्वतः गेले. ती माणसं पुढे कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि तात्यांनी ते आम्हाला कधी ऐकवलं नाही.

त्या कागदानं सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही. हाताला व्यायाम देणारा माणूस आठवड्यातून तीनदा यायचा. वडिलांना फार दुखायचं. मी सरळ मनानं विचारलं, व्यायाम चालू ठेवायचा ना? फुली. मी समजावलं, हात सुधारेल, चालता येईल. फुली. मी वेगवेगळ्या तऱ्हेनं पाच वेळा विचारलं, आणि पाचव्यांदा त्यांनी कागद चुरगाळून खाली टाकला. आई म्हणाली, इचारायचं आन ऐकायचं न्हाय, मग इचारू नगंस. व्यायाम बंद झाला. उजवा हात कायमचा तसाच राहिला. लग्नाच्या वेळची फुली मी ताबडतोब मानली होती आणि ही मानायला मला वर्ष लागलं.

आम्ही दोन-अडीच वर्षं तो खेळ खेळलो. पुढे एकमेकांविरुद्ध खेळू लागलो. एकाच पडद्यावर, पाळीपाळीनं. त्यांची पाळी असली की मी भिंतीकडे तोंड करून बसायची, कारण त्यांचं सैन्य कुठं आहे ते बघायचं नाही असा नियम. झालं की ते दांडी वाजवायचे. एकदा त्यांनी एक किल्ला राखणीशिवाय सोडला आणि मी तो घेतला. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि माझ्या हातचा चहाही घेतला नाही. सरदाराला नवी विद्या निवडायची वेळ आली की ते नेहमी लांब पल्ला गाठायची विद्या घ्यायचे. तलवारीची, मंत्राची कधी नाही. त्यामुळे हरायचेसुद्धा. पण त्यांचा घोडा नकाशाच्या कुठल्याही टोकाला माझ्याआधी पोचलेला असायचा.

मग मला पुण्याला नोकरी लागली. मी आईला विचारलं, तात्यांना विचारलं, कॉलेजातल्या बाईंना विचारलं. वडिलांना विचारलं नाही. त्यांना सांगितलं फक्त. मी चाललो आप्पा, महिन्यातून दोनदा येईन. ते म्हणाले, "व्हय." कागद तिथंच उशाशी होता. आईनं त्याला पुठ्ठा चिकटवला होता. मी तो उचलला नाही. राहू का, असं विचारलं असतं तर त्यांचं बोट कुठं गेलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

महिन्यातून दोनदा म्हटलं होतं, ते एकदावर आलं. मी आले की आम्ही खेळायला बसायचो, पण माझा जीव परतीच्या गाडीत असायचा. दुसऱ्या वर्षी एका सकाळी आईचा फोन आला. पुन्हा तसाच झटका आला होता. मी कोल्हापूरला पोचायच्या आत ते गेले.

तो न विचारलेला प्रश्न मी बरीच वर्षं वागवला. कुणाला सांगितला नाही. शेवटी आईलाच सांगितला, तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी इचारलंतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू गेल्यावर त्ये त्या यंत्राफुडं नुसतं बसून ऱ्हायचं, लावा म्हणून खुणावायचं न्हाईत. म्या इचारलं, पोरीला बोलावून घ्यायची का माघारी?"

"मग?"

"फुली." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मला पटंना. चार दिसांनी परत इचारलं. परत फुली. आन मग भित्तीकडं तोंड करून झोपलं."

मी विचारलं, हे इतकी वर्षं तू मला का नाही सांगितलंस. तिनं तांदळाचं ताट खाली ठेवलं. म्हणाली, फुली होती खरी, पण दोन्ही वेळा लई येळ लावला त्यांनी. तुला कुठलं सांगायचं, फुलीचं की येळाचं, त्ये मला ठरवता आलं न्हाय.