एका पिनेची डबी

गिटार फोनला जोडायची डबी घ्यायची म्हणून मी महिनाभर नुसते व्हिडिओ बघत होतो. बीडला एका कोचिंग क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवतो. गिटार हा रिकाम्या वेळेचा नाद. ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्या डबीला. एका बाजूला गिटारची पिन घालायची, दुसऱ्या बाजूची वायर फोनला नाहीतर लॅपटॉपला जोडायची, की आजूबाजूच्या गोंगाटाशिवाय गिटारचा आवाज थेट आत उतरतो.

शेवटी दोन डब्या उरल्या. एक खिशात बसेल एवढी, पण तिला फक्त गिटारची पिन जायची. दुसरी वीतभर, जडशी. तिला माइकचीही जागा होती. क्लासात गणित शिकवणारे सर भजनाला पेटी वाजवतात. त्यांना दाखवलं तर ते म्हणाले, "दुसरी घ्या. मावशीचा आवाज कुठून घालणार?"

हे सगळं मावशीसाठी चाललंय, असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मावशी आष्टीकडची. दरसाल दिवाळी झाली की काकांबरोबर तेलगावकडं ऊसतोडीला येते. तिनं स्वतः जुळवलेलं एक लांबलचक गाणं आहे, गावापासून उसाच्या फडापर्यंतच्या वाटेचं. कुठं पाणी मिळालं, कुठं कुत्री मागं लागली, कुठल्या गावात एका अनोळखी बाईनं लेकरांना दूध दिलं, सगळं त्यात आहे. ते गाणं जपलं पाहिजे, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्या तोंडानं म्हणायचो. पण डबी निवडताना डोळ्यांपुढं मीच होतो. खिशातून डबी काढून चारचौघांत गिटार वाजवणारा. मावशीचा आवाज फोनचा माइक घेईल, असं सरांना सांगून मी लहान डबी मागवली. खात्री काही केली नव्हती.

मावशी एक दिवस खाडा करून एसटीनं आली. बरोबर तिच्या टोळीतली एक बाई होती. दोघी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. मी त्यांना खाटेवर बसवलं, डबी हातात दिली आणि ती काय काय करते यावर वर्गात देतो तसं व्याख्यान दिलं. मावशीनं ती उलटीपालटी करून जपून परत दिली.

गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यानंतर मी गिटार थांबवली, मावशी एकटी म्हणत राहिली, आणि फोनच्या पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. डबी जोडली की फोन आपला माइक बंद करतो आणि फक्त डबीतून येईल तेवढंच ऐकतो, हे मला तेव्हा कळलं. वायर काढली असती तरी भागलं असतं. साधा का होईना, फोननं दोघांचा आवाज घेतला असता. पण मग त्या व्याख्यानाचं काय?

मावशीनं मधेच विचारलं, "येतंय का रे बाळा?"

"लई भारी येतंय," मी म्हणालो. "म्हण तू."

ती म्हणत राहिली. एक गाव राहून गेलं म्हणून पाणी पिऊन तिनं परत पहिल्यापासून धरलं. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला. मी सपाट रेघेकडं बघत मान डोलवत होतो. ऐकव म्हणाली तेव्हा, आधी कॉम्प्युटरवर साफ करावं लागतं, असं सांगून दोघींना स्टँडवर सोडून आलो.

नंतर तिचे फोन आले. झालं का साफ, एवढंच विचारायची. दोनदा मी होतंय म्हणालो, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. मग एका रविवारी तेलगाव गाठलं. मावशी आपल्या पाचटाच्या कोपीपुढं भाकरी थापत होती. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं की तिचा आवाज आलाच नाही, आणि ते मला पहिल्याच कडव्याला कळलं होतं.

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. बीडला बरोबर आलेल्या बाईनं आपला फोन आणून माझ्यापुढं धरला. त्या दिवशी घरच्यांना दाखवायला तिनं थोडं शूटिंग केलं होतं. त्यात मावशी स्वच्छ ऐकू येत होती, मागं माझी गिटार होती, आणि मग मावशीचा प्रश्न आणि माझं उत्तर. माझा आवाज इतका सहज होता की मलाच ओळखू येईना. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मी तव्याकडं.

मावशी भाकरी उलटत म्हणाली, "न्हाई आलं म्हणला असतास, तर मी काय तुला खाल्लं असतं का?"

मग तिनं मला जेवायला वाढलं. मी सगळं संपवलं.

बीडला परतल्यावर मी माइकची जागा असलेली डबी घेतली, माइकही घेतला. गणिताच्या सरांना खरं कारण सांगितलं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर गावी जाताना मावशी एक मुक्काम माझ्याकडं राहिली. माइकपुढं बसून तिनं आरतीसारखं काहीतरी छोटं म्हटलं आणि पदर सावरून उठली. वाटेचं गाणं म्हण म्हणालो, तर म्हणाली, आता न्हाई आठवत. खरंच आठवत नव्हतं की काय, ते मी विचारलं नाही.