चाळीच्या वाय-फायवर उघडलेलं पान

तुमच्या घरातल्या वाय-फायवर या क्षणी कोण कोण आहे, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकाल?

आमच्या लालबागच्या चाळीत ते कुणालाच सांगता येणार नाही. मंडळाच्या खोलीत एक कनेक्शन आणि तेच सगळ्या मजल्यांना. पासवर्ड बारशाला आलेल्या पाहुण्यांनाही माहीत असतो. याच वाय-फायवर बसून मी बिल्डरविरुद्धची वेबसाइट बांधत होते. चाळ पाडायला संमती द्या म्हणून भाडेकरूंवर कसा दबाव येतोय, ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानिशी. नावं हवीत हा हट्ट माझा. बाबांनी गिरण्यांच्या फाटकावर पत्रकं वाटली आणि खाली नाव नसलेलं पत्रक ते हातात धरत नसत.

कच्चं काम बाहेर दिसू नये म्हणून लॅपटॉपमध्ये एक व्हर्च्युअल मशीन बसवलं. म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. वेबसाइटचा सर्व्हर त्याच्यावर चालतो आणि तयार होईपर्यंत ती फक्त आपल्याला दिसते.

पहिलं पान शेजारच्या काकूंचं. काका वारले, पण खोलीची भाडेपावती अजून त्यांच्याच नावावर. ती काकूंच्या नावावर व्हायला चाळ कमिटीच्या सेक्रेटरीचं पत्र लागतं. पत्र नाही तर नव्या इमारतीत खोली नाही. आणि बिल्डरची माणसं काकूंकडे सही मागायला आली, तेव्हा हाच सेक्रेटरी त्यांच्यासोबत दारात उभा होता. हे सगळं काकूंनी मला सांगितलं होतं आणि मी ते लिहिलं होतं.

"लोकांना दाखवायच्या आधी मला दाखव," त्या म्हणाल्या होत्या. लॅपटॉपवरचं त्यांना वाचवत नाही. मोबाइलवर बोटांनी अक्षर मोठं करता येतं. म्हणून मी मशीनच्या नेटवर्कची सेटिंग 'ब्रिज'वर टाकली. मग मशीनला वाय-फायवर स्वतःचा पत्ता मिळतो आणि त्या वाय-फायवरचा कुठलाही फोन ते उघडू शकतो. माझ्या डोक्यात फक्त काकूंचा फोन होता. पत्ता त्यांना पाठवला.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आला.

"गो, हे 'धमकावलं' काय लिहिलंस? धमकावलं नाय कोणी. हसत होते मेले. हसत हसत पेन पुढे केलं. तसं लिही."

तसं लिहिलं. काकूंच्या फोनवर नवं पान पोचलं का बघायला सर्व्हरची नोंद उघडली. पान मागणाऱ्या प्रत्येक फोनचा, लॅपटॉपचा पत्ता तिथे उमटतो. मला दोनच दिसायला हवे होते, माझा आणि काकूंचा. तिसरा होता. चौथा होता. मी बघत असतानाच आणखी एक आला.

मशीन बंद केलं आणि काकूंच्या दारात गेले.

"काकू, लिंक कुणाला पाठवलीत?"

"कुणाला नाय. पहिल्यांदा उघडतच नव्हती, म्हणून मजल्याच्या ग्रुपवर टाकली. कुणाचं उघडतंय काय बघा म्हटलं."

आमच्याकडे असंच करतात. सिलिंडरचं बुकिंग अडलं, टीव्ही दिसेना, की ग्रुपवर विचारायचं. आणि ग्रुप चालवतो सेक्रेटरी. मी ते बोलले तशा काकू कॉटवर बसल्या.

"त्याने वाचलं असेल?"

"माहीत नाही."

"मग नाव काढ माझं."

"काकू, नावाशिवाय कोण विश्वास ठेवणार? आमचे बाबा तर..."

"तुझ्या बाबांनी पत्रकावर स्वतःचं नाव घातलं. माझं नाय."

मी नाव काढलं, सेटिंग बदलली. आता ते मशीन माझ्या लॅपटॉपबाहेर कुणालाच सापडत नाही. पण वाचलेलं कुणाच्या डोळ्यांतून कसं पुसणार?

सेक्रेटरी हल्ली जिन्यात भेटला की विचारतो, "काय, कसं चाललंय लिखाण?" आणि हसतो. पत्र काकूंना अजून मिळालेलं नाही. गॅलरीत त्याच्या चपला वाजल्या की आम्ही दोघी बोलायच्या थांबतो.

तुम्हीही कुणाचं दुःख ऐकून असं काही बांधत असाल, तर आजच तुमच्या मशीनची नेटवर्क सेटिंग उघडून बघा. कच्च्या पानावर खोटं नाव घाला. खरं घालण्याआधी त्या माणसासमोर बसा, ते कोण कोण वाचू शकेल ते सांगा, आणि तो नको म्हणाला तर त्याचं ऐका.