याडीची प्रेक्षणीय स्थळं

"जोडा घाल वं शिष्टर, पाह्याले जाऊ."

रविवारी सकाळी क्वार्टरच्या दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची. आम्ही नाही म्हणायच्या आत आमच्या चपला उचलून पायरीवर मांडायची. तिच्या स्वतःच्या पायांत काही नसायचं.

ती दवाखान्यातली आया. सगळे तिला याडी म्हणत. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. बंजारा समाजातली, पन्नाशीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मोठी बाई. ड्यूटीवर सरकारी पांढरं लुगडं नेसायची. रविवारी मात्र आरशांची कांचळी, घेरदार घागरा आणि कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. उन्हात आली की तिच्याकडे बघवत नसे, अशी लखलखायची.

विदर्भ मुंबई राज्यात आला, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आडगावच्या दवाखान्यांत नर्स टिकत नाहीत, हे वरच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि सातारा, नाशिक, पुण्याकडच्या आम्हा मुलींना पाळीपाळीने तिकडे पाठवायला सुरुवात झाली. तीन महिने झाले की आम्ही परत आणि दुसऱ्या दोघी हजर. पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावी माझी नेमणूक झाली. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

माझ्याबरोबर सुमन नावाची रत्नागिरीकडची मुलगी होती. पहिल्या संध्याकाळी तिने याडीला विचारलं, "इथे बघण्यासारखं काय आहे?" आम्हाला वाटलं, केळापूरचं देऊळ सांगेल. याडी म्हणाली, "हाये न. लय हाये. कुत्र्याची कबर हाये."

गावाबाहेर पडलं की कापसाचं जिनिंग, त्याच्या फाटकाशी गाड्यांची रांग, मग तुरीची शेतं, आणि पुढे गाडीवाट सागाच्या जंगलात शिरायची. तिथे एका मोहाखाली दगडी चौथरा होता. कुणा इंग्रज साहेबाने आपल्या कुत्र्यासाठी बांधलेला.

"वाघासंगं लढला अन् मेला," याडीने कपाळाला हात लावून सांगितलं. पुढच्या रविवारी तोच कुत्रा साप चावून मेला.

"याडी, मागच्या वेळी वाघ होता ना?" सुमनने विचारलं.

"वाघही होता," याडी शांतपणे म्हणाली. "साप मांगून आला."

कबरीच्या पुढे हत्तीगोटा. हत्तीएवढा काळा खडक, सोंडेसारखं टोक ओढ्याकडे झुकलेलं. तो म्हणे श्रावणात पाणी पितो. आता का पीत नाही, असं विचारलं तर, "आता कायले पिईल? तहान नाही लागली त्याले." तिथून खाली उतरून ओढा ओलांडला की लमाणी लोकांनी आपल्या बैलांसाठी खोदलेली जुनी विहीर. याडीचा आजा मीठ लादलेले बैल घेऊन त्या वाटेने गेला होता. त्या विहिरीत हाक मारली की घुमून परत येई. "आपल्या मायले आवाज दे," याडी आम्हाला सांगायची. "जवाब येते." सुमनने काठावर वाकून "आई" अशी हाक मारली. विहिरीने ती परत दिली. सुमन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. याडीने तिची समजूत काढली नाही. तिच्याजवळ नुसती बसून राहिली आणि तिच्या साडीला लागलेली कुसळं एकेक करून काढत राहिली.

तुम्ही परगावी नोकरी केली असेल, तर परक्या गावातला रविवार किती मोठा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. याडीने आमचे सगळे रविवार उचलून नेले. थोड्याच दिवसांत ती आम्हाला पुढे घालू लागली. "आज तू पुढं चाल. चुकली तं आवाज देतो." तिकडच्या बायकाही जातो, येतो असंच बोलतात. मी फाट्यावर घुटमळले तर ती मागे मुकाट्याने उभी राही. बरोबर वळले की फक्त हुं म्हणे.

एकदा मी तिला चिडवलं, "याडी, तुझं सगळं बघण्यासारखं या एकाच वाटेवर कसं गं?"

"दुसरीकडं वाट धड नाही," ती म्हणाली.

ती वाट तिच्या तांड्यावर जाऊन संपत असे. तांडा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पन्नासेक झोपड्या. तिथे गुळाचा चहा व्हायचा. बायका आमच्याभोवती जमायच्या, हात हातात घेऊन बघायच्या. याडीची सून हसरी पोर होती. माझं घड्याळ कानाशी धरून ती डोळे मिटून बसे. मग चहा संपता संपता याडी एखाद्या पोटुशीला पुढे ढकलायची, "आता आलीच हायेस तं जरा पाहून दे." आम्ही पाहून द्यायचो. सहलीला आलेल्या माणसाने दोन माणसांची विचारपूस करावी, इतकं ते सहज होतं.

एका दुपारी तांड्यावरचा एक माणूस धापा टाकत दवाखान्यात आला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती आणि मुलाचा पाय आधी दिसत होता. याडी तिकडेच होती, तिनेच त्याला पाठवलं होतं. डॉक्टर दौऱ्यावर होते. सुमन वॉर्डात थांबली, मी बॅग उचलली आणि निघाले. तो माणूस धावून इतका दमला होता की मागेच राहिला. मी कबरीशी उजवीकडे वळले, हत्तीगोट्याशी खाली उतरले, विहिरीवरून सरळ गेले. वाट विचारायची वेळच आली नाही.

मूल पायाळू होतं. पण सुटका झाली, दोघंही वाचली. हात धुऊन मी बाहेर आले, तेव्हा याडी दारात उभी होती. तिने शाबासकी दिली नाही. मान हलवत स्वतःशीच म्हणाली, "आली. आपल्या पायानं आली."

परतताना तिने मला तिच्या मुलीबद्दल सांगितलं. कबरीच्या चौथऱ्यावर आम्ही दम खायला बसलो होतो. मुलगी पहिलटकरीण होती. अडली तेव्हा याडीने दवाखान्यात माणूस पाठवला. तेव्हाची नर्स म्हणाली, मला वाट ठाऊक नाही, तुम्ही कोण ते ठाऊक नाही, मी जंगलात कशी येऊ? तिला गाडीत घालून इथे आणा. गाडीत घातलं. बैल या मोहापर्यंत आले, तेव्हा ती गेली.

"त्या शिष्टरची काय गलती?" याडी म्हणाली. "परकी पोरगी. वाट पाह्यली नाही, माणसं पाह्यली नाही, तं येईल कशी? मंग म्या दवाखान्यात नोकरी धरली. म्हटलं, ज्या येतील त्याहिले वाट पाठ करून द्याची. नुसती वाट पाह्याले कोणी येते का? म्हून मंग कुत्रा हाये, हत्ती हाये."

आधीच्या नर्सही टिकत नसत, आता तर दर तीन महिन्यांनी नव्या मुली येत. दर तीन महिन्यांनी ती कुत्र्याला पुन्हा मारी. ही गोष्ट तिने इतक्या साध्या आवाजात सांगितली, की मला तिच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही.

मी त्या दुपारी एका परक्या पुरुषाबरोबर जंगलाकडे गेले, हे जिनिंगच्या फाटकावर बसलेल्यांनी पाहिलं होतं. आठवड्याच्या आत गावभर झालं. नर्स तांड्यावर जातात, तिथे मोहाची दारू पितात, रविवारी हसत खिदळत परत येतात. जिनिंगचे शेठ आणखी काही वजनदार मंडळींना घेऊन डॉक्टरांकडे गेले. याच शेठजींच्या सुनेच्या बाळंतपणाला सुमन आणि मी भल्या पहाटे त्यांच्याच टांग्यातून गेलो होतो. तेव्हा आमच्या अब्रूची काळजी कुणाला वाटली नव्हती.

डॉक्टर वाईट नव्हते. पण त्यांना यवतमाळला बदली हवी होती आणि कुणाची तक्रार वर जायला नको होती. त्यांनी आम्हा तिघींना बोलावलं. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नर्सने गावाची हद्द सोडायची नाही, असा हुकूम झाला.

"मंग नव्या येतील त्याहिले कोण दाखवील?" याडीने विचारलं.

"काय दाखवायचंय तिथे?" डॉक्टर हसले. "कुत्र्याची कबर?"

याडी खाली बघत उभी राहिली. मीच बोलले. त्या वाटेने बाळंतपणाचे निरोप येतात, वेळेवर पोचलं तर माणसं वाचतात, परवाच वाचली, असं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"मग त्यांनी दवाखान्यात यावं," ते म्हणाले. "दवाखाना कशासाठी आहे?"

आमची पाळी संपत आली. याडीची सून तेव्हा पोटुशी होती. मी आणखी तीन महिने राहू द्या म्हणून अर्ज केला, तो नामंजूर झाला. जायच्या दिवशी याडी मोटारस्टँडवर आली. माझी वळकटी तिने टपावर चढवली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "तुले वाट पाठ झाली अन् तू चालली."

पुढच्या हिवाळ्यात त्या दवाखान्यासाठी नावं मागवली, तेव्हा मी आपणहून नाव दिलं. बरोबरीच्या मुलींनी मला वेड्यात काढलं.

मी पोचले तेव्हा दारात दुसरीच आया होती. डॉक्टर बढतीवर यवतमाळला गेले होते, नवे अजून यायचे होते. जुने कंपाउंडर मात्र होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि मी काही विचारायच्या आत सांगायला सुरुवात केली.

आमच्यानंतर ज्या दोघी आल्या, त्यांच्या वेळची गोष्ट. भरदुपारी याडी स्वतः धावत आली. सून अडली होती. डॉक्टर यवतमाळला मीटिंगला गेलेले. दोघींपैकी एक नर्स तयार झाली. तिने बॅग भरली, चपला घातल्या. मग उंबऱ्यात थांबून तिने कंपाउंडरांना विचारलं, "परवानगी?"

"मी म्हटलं, साहेब उद्या येतील," कंपाउंडर म्हणाले. "मी तरी काय म्हणणार, सिस्टर? ऑर्डर होती."

"मग?"

"मग तिने चपला काढल्या. याडी तिच्या पाया पडली. तुले खांद्यावर बसवून नेतो म्हणाली. ती पोर रडायला लागली, पण उंबरा काही ओलांडला नाही तिने."

सून संध्याकाळी गेली. मूल जगलं. दोन दिवसांनी याडी दवाखान्यात आली, सरकारी पांढरं लुगडं धुऊन घडी करून टेबलावर ठेवलं आणि निघून गेली.

मी त्याच दुपारी निघाले. परवानगी मागायला कुणी नव्हतं आणि असतं तरी मी मागितली नसती.

याडी आपल्या झोपडीसमोर बाजेवर बसली होती. मांडीवर नातू झोपलेला. तिने मला ओळखलं, बाजूला सरकून जागा दिली, शेजारणीला पाणी आणायला सांगितलं. माझी आई कशी आहे ते विचारलं. सुमनचं लग्न झालं का, ते विचारलं. सुनेचं नाव तिने काढलं नाही आणि मलाही ते काढता येईना. आतल्या चुलीवर बाळासाठी शेळीचं दूध ठेवलेलं होतं, त्याचा वास येत होता.

शेवटी मी म्हणाले, "याडी, मी आता इथे आहे. ते डॉक्टरही गेले. नव्या मुलींना मी घेऊन येईन. उंबऱ्यात थांबलेल्या त्या मुलीला वाट माहीत नव्हती, म्हणून ती घाबरली. पुन्हा असं होणार नाही."

याडीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तिले वाट माहीत होती," ती म्हणाली.

मला कळेना.

"म्या दाखवली होती. चोरून. दिवस उगवायच्या पयले नेत जाय तिले. चार डाव आली ती इथंवर. माह्या सुनेच्या हातची भाकर खाल्ली तिनं. सुनेच्या पोटाले हात लावून म्हणे, पोरगा हाये." बाळाच्या तोंडावर बसलेली माशी तिने हाकलली. "मले इतके वर्स वाटे, वाट माहीत नाही म्हून येत नाही."

याडी बाळाला खांद्यावर घेऊन उठली.

"दूध पाहून येतो," असं म्हणून ती आत गेली.

मी बाजेवर बसून राहिले. आत काही हालचाल ऐकू येईना. थोड्या वेळाने दूध उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरलं. मग करपल्याचा वास बाहेर आला आणि वाढत गेला. शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि पदराने नाक झाकून आत गेली. भांडं उतरवल्याचा आवाज झाला. उघड्या दारातून दिसलं, याडी बाळाला घेऊन चुलीसमोरच बसली होती.

याडी बाहेर आली नाही. दिवस कलायला लागला, तेव्हा मी उठले.