आप्पांचा तळहात

माझ्या वडिलांचा पाणउतारा मी चारचौघांत केला आणि ठरवून केला. रागाच्या भरात बोलून गेले, असं मी नातेवाइकांना सांगते, पण ते साफ खोटं आहे.

आप्पांचं गॅरेज शिवाजी पेठेत. चारचाकीच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं काम हीच त्यांची ओळख. डोंगरात, चिखलात घालायच्या जीपगाड्यांना एक भयंकर खोड लागते. गाडी साठच्या वेगात गुमान चाललेली असते, एखादा खड्डा येतो आणि पुढची दोन्ही चाकं अशी फडफडायला लागतात की स्टेअरिंग हातातून हिसकलं जातं. गाडी जवळजवळ उभी करेपर्यंत ते थांबत नाही. गॅरेजवाले त्याला वॉबलिंग म्हणतात. मी एकदा अनुभवलंय. तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नाव आलं नाही, शिवी आली.

ही खोड शोधायची आप्पांची एकच पद्धत होती. गाडी ते जॅकवर चढवायचे नाहीत. चाकं लोंबकळत असली की सांधे लबाडी करतात, वजन जमिनीवरच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वर कुणीतरी बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं. आप्पा खाली पाठीवर पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचे. ढिला सांधा हाताखाली टक्‌ करून दगा देतो. केसभर ढिलाई असली तरी त्यांना कळायची. सांगली-निपाणीपर्यंतचे मिस्त्री अडले की गाडी त्यांच्याकडे पाठवायचे. त्या हातावर आमचं घर चाललं आणि त्यांची मिजासही.

वर बसून स्टेअरिंग हलवणारी मी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सहा वर्षं मी सुट्या भागांची मापं तपासत होते, मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखायची मला सवय. नोकरी सोडून गॅरेजमध्ये आले, तर आप्पांनी मला सीटवर बसवलं ते कायमचं. गाडीखाली जायची परवानगी नाही. ‘बसून हलवायचं काम हाय, बाईमाणसाला झेपतंय,’ असं ते गिऱ्हाइकांपुढे म्हणायचे आणि गिऱ्हाइकं दात काढायची. तीन वर्षं मी ते हसणं गिळलं. गिळलेलं पचलं मात्र नाही.

त्यात आप्पांची साखर वाढली आणि बोटांतली जाण जात चालली. नुकतीच वेल्डिंग केलेली पट्टी त्यांनी एकदा हातात उचलली आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर सोडली. मी विचारलं तर म्हणाले, ‘कामाची कातडी हाय, तुला काय कळतंय?’ मला सगळं कळत होतं. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कागलकडचा एक पोल्ट्रीवाला गाडी घेऊन आला. उंच केलेली जीप, मोठे टायर, पुढे सलग अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. रविवारी मित्रांबरोबर डोंगर चढायचा छंद. पहिल्या खेपेला आप्पांनी टाय रॉडचे, म्हणजे दोन्ही चाकं जोडून वळवणाऱ्या दांड्याचे, सांधे बदलले. महिन्याभरात वॉबलिंग परत. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळीकडे हात फिरवला, सगळं गच्च असल्याचं सांगितलं आणि नवा स्टेअरिंग डॅम्पर बसवला. डॅम्पर थरथर दाबून टाकतो. दुखणं तसंच ठेवून गोळी दिल्यासारखंच ते, चार दिवस बरं वाटतं.

आप्पा हात धुवायला गेले होते. पोल्ट्रीवाला गाडी चालू ठेवून सीटवर बसला होता, फोनवर बोलता बोलता चाळा म्हणून स्टेअरिंग हलवत होता. घरंगळलेला पाना काढायला मी खाली वाकले आणि मला दिसलं. अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून चासीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, अ‍ॅक्सलपर्यंत एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. चासीकडचा त्याचा बोल्ट आवळलेला होता, पण तो धरणाऱ्या ब्रॅकेटचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि स्टेअरिंगबरोबर बोल्ट त्यात सरकत होता. मी हात घालून बघितलं. टक्‌, टक्‌. आंधळ्यालाही सापडलं असतं.

‘आप्पा,’ मी हाक मारली. ते आले आणि गिऱ्हाइकासमोर ओरडले, ‘तुझं काय काम हाय खाली? ऊठ. चार च्या सांगून ये.’

मी उठले आणि चहा सांगून आले. पोल्ट्रीवाला चहा पिऊन गाडी घेऊन गेला. मी तोंड उघडलं नाही.

आठ दिवसांनी तो परत आला, बरोबर तीन मित्र. गाडीतून उतरायच्या आधीच त्याचा आवाज आला. ‘मिस्त्री, मारत हुतासा की आमाला! गगनबावड्यास्नं येत हुतो. साळवणच्या फुडं खड्डा आला आन्‌ गाडी गेली की हातातनं. समोर एसटी. मागं बायको, दोन पोरं. एसटीवाल्यानं गाडी खाली घातली म्हणून वाचलो.’

आप्पांचं तोंड पडलं. माझ्या मनात काय आलं? आता माझी पाळी, एवढंच आलं.

आप्पा खाली शिरले. मी सीटवर बसले, स्टेअरिंग हलवू लागले. एकेक सांधा झाला. सगळं गच्च. मग मी मोठ्यानं म्हणाले, ‘आप्पा, पॅनहार्डच्या वरच्या बोल्टावर हात ठेवा.’

‘ठेवलाय की.’

‘काय लागतंय?’

‘काय न्हाय. गच्च हाय.’

‘नीट बघा.’

‘गच्च हाय म्हंतोय न्हवं!’

मी त्या चौघांना वाकून बघायला सांगितलं. आप्पांच्या तळहाताखाली बोल्ट उघड उघड सरकत होता. एक मित्र फिस्कन हसला. ‘मिस्त्री, तुमच्या हाताखालीच नाचायलाय की त्यो!’

‘यांच्या बोटांना काही कळत नाही,’ मी म्हणाले. ‘वर्ष झालं. याच हातानं तुमच्या गाड्या पास करतात.’ मला इतकं बरं वाटलं की मी तेच पुन्हा एकदा सांगितलं.

आप्पा बाहेर आले नाहीत. खालून म्हणाले, ‘अजून एकदा हलीव.’ मी हलवलं. ‘अजून एकदा.’ त्यांनी हात बदलला, मग पालथा हात लावून बघितला. शेवटी मान वर उचलून त्यांनी आपला गाल त्या तेलकट ब्रॅकेटला टेकवला आणि तसेच राहिले. मी हलवत राहिले.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘हाय.’

हसणारा गप्प झाला. मी झाले नाही. ‘सरका आता,’ मी म्हणाले आणि त्यांच्या जागी खाली गेले.

काम मीच केलं. ब्रॅकेट साफ करून जाड पट्टी वेल्ड केली, तिला बोल्टाच्या मापाचं नेमकं भोक पाडलं, दांड्याच्या टोकात नवा रबरी बुश, नवा बोल्ट. डॅम्पर काढूनच ठेवला, म्हणजे काही लपायला नको. आप्पा खुर्चीवर बसून होते. गालावर काळा डाग तसाच, कुणी सांगितला नाही, मीही नाही. मग पोल्ट्रीवाल्याला शेजारी बसवून मी गाडी रस्त्यावर काढली. साठच्या वेगात मुद्दाम दोन खड्ड्यांतून घातली. स्टेअरिंग जागचं हललं नाही. ‘ताई, तुमीच खऱ्या मिस्त्री,’ तो म्हणाला. मी चावी बोटात फिरवत गॅरेजमध्ये शिरले.

आप्पांनी मान वर केली. ‘तुला कवा कळलं हुतं?’

मी फुशारकीत बोलून गेले, ‘गेल्या खेपेलाच. तुम्ही चहा सांगायला धाडलंत ना, तेव्हा.’

 आप्पांचा आवाज चढला नाही. ‘मला उमगलं न्हाय गं. हातच मेलाय माझा. तुला तर उमगलं हुतं. तरी जाऊ दिलंस त्येला, पोराबाळास्नी घिऊन?’

मी पोल्ट्रीवाल्याकडे वळले, काहीतरी सांगायचं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्यानं माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि ‘मिस्त्री, तुमीच बघा परत एकदा,’ म्हणत आप्पांच्या हातात दिली. आप्पांच्या बोटांना ती कळलीच नाही, खाली पडली. त्यानं वाकून उचलली आणि परत त्यांच्याच हातात ठेवून त्यांची मूठ मिटली.